मागून आणलेला उपग्रह

आमच्या गल्लीत मुलगी पाहायला कुणी येणार असलं की सगळ्यात आधी मोर यायचा.

मोर म्हणजे पलंगपोस. हिरव्या रंगावर पिसारा फुलवून उभा, एका पायानं पुढे निघालेला. मानेजवळ त्याला छोटंसं भोक होतं, कुणा पाहुण्याच्या विडीनं पडलेलं. मोरामागून यायचे निळ्या फुलांचे सहा कप, बशांसकट. मग प्लास्टिकच्या गुलाबांची फुलदाणी, आणि शेवटी लंबकाचं घड्याळ, ज्याचा लंबक उत्साहानं हलायचा आणि काटे मात्र जागच्या जागी. हा सगळा संच मुळात कुणाचा, ते गल्लीतल्या कुणालाच धड सांगता आलं नसतं. ज्या घरची मुलगी शेवटी दाखवली त्या घरात तो मुक्कामाला असायचा, आणि दुसऱ्या घरून निरोप आला की घासूनपुसून, पदराखाली झाकून तिकडे जायचा. अर्ध्या गल्लीच्या मुली त्या मोराच्या पाठीवर बसून सासरी गेल्या.

आमची गल्ली नागपुरातल्या विणकरांची. प्रत्येक घराच्या पुढच्या खोलीत हातमाग. पाहुणे यायचे म्हणजे मागावर जुनं लुगडं टाकून तो पडद्याआड लपवायचा, त्याच्यासमोर पलंग, पलंगावर मोर. एवढा मोठा माग लपतो कुठला? हत्तीवर रुमाल टाकावा तसं ते दिसायचं. पण पाहुणे पाहत नसत आणि आम्ही दाखवत नसू, असा दोन्ही बाजूंचा समजूतदारपणा होता.

माझी पाळी ब्याऐंशी साली आली. पाहुणे खाप्याचे, म्हणजे कन्हान नदीकाठचे. तेही विणकरच, पण मुलगा नुकताच सरकारी नोकरीत लागलेला. आता माझ्या वडिलांची ओळख करून देते. बाबांनी तरुणपणी नाटकांतून राजाची कामं केली होती. राज्य गेलं तरी आवाज राहिला होता. साधं पाणी मागितलं तरी दोन-चार घरांत लोक ताठ बसत. मुलगा सरकारी नोकरीत आहे हे कळल्यावर बाबा म्हणाले, "नुसता मोर पुरत नाही आता. टीव्ही पाह्यजे."

टीव्ही गल्लीत एकच होता. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या कंपाउंडरकाकांकडे. त्या पावसाळ्यात आपला स्वतःचा उपग्रह आकाशात काम करू लागला होता आणि त्याच्यावरून थेट दिल्लीचं चित्र नागपूरच्या मनोऱ्यावर येत होतं. संध्याकाळी अख्खी गल्ली काकांच्या दारात. काका टीव्हीला औषधाच्या कपाटासारखं कुलूप लावत. असा टीव्ही ते देतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण बाबांनी त्यांच्या ओसरीवर असं काही भाषण केलं की काकूंनीच डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अजी, द्या ना. पोरीचं काम हाये."

टीव्ही आला, पण अँटेना कशी येणार? ती काकांच्या छपरावर उंच बांबूला बांधलेली. मग तिची चपटी तार गल्लीवरून ओढून आमच्या खिडकीतून आत घेतली. ते काम माझ्या मैत्रिणीनं केलं. ती समोरच्याच घरातली, काकांच्या घराला लागून. आम्ही दोघी एकाच ओट्यावर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायचो, एकीच्या वाटीत दुसरीचं लोणचं. त्या दिवशी तिनंच माझी वेणी घातली, आपल्या कानातली काढून माझ्या कानात घातली आणि कानाशी म्हणाली, "मोरावर बसशील तं भोकावर बस. झाकलं राह्यते."

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आई. मुलगा पूर्णवेळ आपल्या बुटांकडे पाहत होता. वडील घड्याळाकडे पाहून आपलं मनगटी घड्याळ कानाला लावत होते. खरी पाहणी आईची होती. खाप्याच्या बाई उंच, काटक, नऊवारीचा पदर घट्ट खोचलेल्या. त्या मोरावर बसल्या, आणि मी पोह्यांचा ट्रे घेऊन येते तोवर त्यांचं बोट अलगद मोराच्या मानेपाशी गेलं. भोकावर फिरलं. थांबलं. मी भोकावर बसायच्या आधीच भोक सापडलं होतं.

मग त्यांनी निळ्या फुलांचा कप उचलला, उलटसुलट पाहिला आणि बाबांना विचारलं, "छान हायेत. घरचेच ना?"

"घरचेच!" बाबा राजाच्या आवाजात म्हणाले. "दुसऱ्याचं आपल्याले कायले पाह्यजे?"

"अन् टीव्ही?"

"तोबी घरचा. आता लागतेच कार्यक्रम. पाहाच तुम्ही."

बाबांनी बटण फिरवलं. पडद्यावर मुंग्या. पांढऱ्या-काळ्या, लाखो, वळवळणाऱ्या. बाबांनी दुसरं बटण फिरवलं. मुंग्या तिरप्या झाल्या. खिडकीशी उभ्या माझ्या मैत्रिणीनं बाहेर जाऊन तार हलवली. मुंग्या आणखी वाढल्या. बाबांच्या कपाळावर घाम आला. शेवटी राजा चिडावा तसे ते चिडले आणि त्यांनी टीव्हीच्या डोक्यावर धाडकन चापट मारली. मग दुसरी. मग तिसरी.

समोरच्या छपरावरून, बांबूला धरून उभे असलेले कंपाउंडरकाका ओरडले, "ओ भाऊ! माह्या टीव्हीले मारू नका ना गा!"

फक्त मुंग्यांचा आवाज. खाप्याच्या बाईंची नजर टीव्हीवरून तारेवर गेली, तारेवरून खिडकीतून बाहेर, गल्लीवरून समोरच्या छपरावर, आणि बांबूला मिठी मारून उभ्या काकांवर जाऊन थांबली. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कप बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "येतो मग. कळवतो."

मला त्या दिवशी जमीन दुभंगायला हवी होती. घरात मागाखाली पाय सोडायचा खड्डा होता म्हणून मी लुगड्याच्या पडद्यामागे जाऊन त्यातच बसले. आई कप धुवायला घेऊन गेली. बाबा टीव्हीकडे पाठ करून बसले होते आणि मुंग्या चालूच होत्या. बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

दोनेक दिवसांनी पेपरात आलं, उपग्रहच गेला. त्याचा तोल सांभाळणारं एक शीड उघडलंच नव्हतं, इंधन संपलं आणि तो कायमचा मुका झाला. म्हणजे दोष टीव्हीचा नव्हता, तारेचा नव्हता, बाबांच्या चापटीचाही नव्हता. काका पेपर घेऊन आमच्या दारात आले. वाटलं, बाबांना हायसं वाटेल. बाबा म्हणाले, "उपग्रह मेला म्हणून मी खरा ठरतो का गा?" आणि मागावर जाऊन बसले.

खाप्याहून निरोप आला नाही. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. नळावर बाया मला आधी पाणी भरू देत, आणि ती माया मला टोमण्याहून जास्त लागायची. पोट्टे मात्र प्रामाणिक. मी दिसले की एकमेकांच्या डोक्यावर चापट मारून ओरडायचे, "माह्या टीव्हीले मारू नका ना गा!" आईनं मोर धुतला, कप पुसले आणि ते समोर, मैत्रिणीच्या घरी गेले. आता तिचं पाहायचं सुरू झालं होतं.

मग दिल्लीत मोठे खेळ भरले आणि पडद्यावरच्या मुंग्या एकदम गेल्या. पेपरात साफ छापलं होतं: आपला नवा उपग्रह तयार होईपर्यंत परक्या देशाच्या उपग्रहावर जागा मागून घेतली आहे. अख्खी गल्ली काकांच्या घरी. बाबा गेले नाहीत. पण बातमी त्यांनी कात्रण करून मागाच्या खांबाला चिकटवली. धोटा इकडून तिकडे फेकताना दरवेळी तिच्याकडे पाहायचे आणि आईला ऐकवायचे, "एवढं मोठं सरकार. त्याईनंबी मागून आणला. आपण तं सहा कपच आणले."

आई कांडी भरत राहायची. तिचा नवरा एका उपग्रहाच्या आडोशाला उभा राहून स्वतःची अब्रू झाकू पाहत होता. ते मला दिसत होतं आणि मला त्याची लाज वाटायची. मुलीला वडिलांची दया आली की जी लाज वाटते, ती.

अशाच एका दुपारी मी ओट्यावर सुताला खळ लावत बसले होते. कोपरापर्यंत हात चिकट, केसांत खळ, अंगावर फाटकं पातळ. दारात सावली पडली. वर पाहते तो खाप्याच्या बाई. एकट्या. हातात कापडी पिशवी, पायात धूळ.

"चाय मांड वं पोरी," त्या म्हणाल्या. "बसनं आली. कंबर मोडली."

आत माग उघडा, बाबा बनियनवर, खाली गोणपाट. मोर नाही, गुलाब नाही, घड्याळ नाही. बाई गोणपाटावर बसल्या, तशा मोरावरही बसल्या नव्हत्या. मागाकडे पाहून म्हणाल्या, "हा कुठं होता त्या दिवशी?"

बाबा उठून सदरा शोधू लागले. बाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "चाय निळ्या फुलाच्या कपात दे बरं. लई पसंत पडले होते मले."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा सदऱ्यात अर्धे घुसलेले, डोकं आतच. सदऱ्यातूनच म्हणाले, "कप फुटले."

"साही?"

"साही."

बाईंनी पिशवी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "भाऊ, तीन-चार वर्षांमागं मोठ्या पोरासाठी मी याच गल्लीत आली होती. कोपऱ्यावरच्या घरी. त्याच मोरावर बसली, त्याच कपात चाय पेली. मानेजवळचं भोक माह्याच मालकाच्या विडीनं पडलं."

बाबांचं डोकं सदऱ्यातून बाहेर आलं. त्यांनी खांबावरच्या कात्रणाकडे बोट केलं. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात दुबळं भाषण त्यांनी केलं. "बाई, दिल्लीवाल्याईनंबी मागूनच आणला ना उपग्रह."

"हो. पण त्याईनं पेपरात सांगितलं ना, मागून आणला म्हणून."

बाबा खाली बसले. राजाचं सगळं सैन्य एका वाक्यात गेलं. मग कुठल्याही नाटकात न वापरलेल्या आवाजात ते म्हणाले, "कप आमचे नोहोत बाई. मोरबी नाही. टीव्ही कंपाउंडरचा. पोरीच्या कानातलंबी तिच्या मैत्रिणीचं होतं. पोरगी तेवढी आमची."

"तेवढीच पाह्यजे," बाई म्हणाल्या आणि पितळी पेल्यातला चहा फुंकून प्यायल्या. "इतके दिवस कळवलं नाही, कारण खोटं बोलणाऱ्या घरात पोरगा द्यायचा का, हा विचार करून राहिली होती. आता झालं. इवाईबुवा, सदरा उलटा घातला तुम्ही."

इवाई, म्हणजे व्याही म्हटलेलं ऐकून आई रडली, मी चुलीशी उभी राहून भांड्यात बघत बसले, आणि बाबांचा आवाज परत आला. आला तो दुप्पट होऊन आला. "चला!" ते उठलेच. "चला बाई, आता टीव्ही पाहू. कंपाउंडरच्या घरी. उजळ माथ्यानं." बाई नको म्हणत होत्या. बाबा ऐकायला उरलेच नव्हते. सदरा तसाच उलटा, पुढे ते, मागे बाई, त्यांच्या मागे खळीच्या हातांनी मी.

त्या दुपारी समोरच्या घरी पाहुणे होते हे आम्हाला ठाऊक होतं. उमरेडकडचे, माझ्या मैत्रिणीला पाहायला आलेले. समोर दार लोटलेलं होतं, म्हणून ते त्या दाराआड आहेत असंच आम्ही समजलो, आणि आवाज दाराआडही जातो याचं भान त्या आनंदात बाबांना राहिलं नाही. पण चापटीच्या प्रकारानंतर कंपाउंडरकाकांनी शपथच घेतली होती की टीव्ही घराबाहेर जाणार नाही, पाह्यजे तं पाहुणे इकडे आणा. तसेच ते आणले होते. काकांच्या पुढच्या खोलीत, मैत्रिणीच्या वडिलांचंच घर असल्यासारखं.

बाबा दारात उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "ऐका गा सगळे! त्या दिवशी मी या बाईसमोर खोटं बोललो. टीव्ही कंपाउंडरचा होता. मोर गल्लीचा होता. अन् निळ्या फुलाचे कप, जे पोरगी दाखवाच्या दिवशी घरोघरी फिरतेत..."

इथं त्यांना आतल्या अंधारातलं दिसू लागलं. मोर दिसला. मोरावर बसलेला अनोळखी फेटा दिसला. फेट्याखाली थांबलेला हात, हातात निळ्या फुलांचा कप. टीव्हीवर कुणीतरी जिवाच्या आकांतानं धावत होतं आणि खोलीतलं कुणीही त्याच्याकडे पाहत नव्हतं. माझ्या मैत्रिणीचे वडील भिंतीला टेकले. कंपाउंडरकाकांनी डोळे मिटले. फेटेवाल्यांनी कप उचलून खालून पाहिला, जणू तिथं मालकाचं नाव असेल.

आणि मला हसू फुटलं. इतक्या दिवसांची लाज आत साठलेली होती, ती त्याच वेळी हसू होऊन बाहेर पडली. मी तोंडावर हात दाबला, खळ लागली गालाला. पोह्यांचा ट्रे धरून उभ्या असलेल्या मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या कानांत तीच कानातली होती.

उमरेडचे पाहुणेही "कळवतो" म्हणून गेले. त्यांच्यातलं कुणी पुन्हा बसनं आलं नाही. सगळ्यांच्या घरात खाप्याच्या बाई जन्मत नाहीत.

दुसऱ्या दिवशी नळावर मैत्रीण भेटली. तिनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि निघता निघता म्हणाली, "काहून वं, तुह्या बाबाले खरं बोलाले कालचाच दिवस भेटला?"

माझी घागर भरून वाहू लागली. ती गेली. मग तिनं ओट्यावर यायचं सोडलं. कांड्या आत बसून भरू लागली. दोन घरांमध्ये गल्ली होती, हाताच्या अंतराची, आणि ती आम्हा दोघींना ओलांडता येईना. कप काकूंनी कपाटात ठेवून दिले. ते नंतर कुणी मागितले नाहीत. मोराचं काय झालं कोण जाणे.

बाबा तिच्या दारात गेले होते. एकदा नाही, अनेकदा. दार लोटलेलंच. आतून तिची आई म्हणायची, "ते घरी नाहीत." आणि आत मागाचा आवाज चालू असायचा.

पुढच्या पावसाळ्यात नवा उपग्रह वर गेला. त्याचंही काहीतरी अडकलं होतं म्हणे, पण शेवटी उघडलं, आणि दिल्लीवाल्यांनी मागून घेतलेली जागा सोडून दिली. तेव्हा मी खाप्यात होते. बाबांनी ती बातमी कापून खांबाला लावली नाही, हे आईनं सांगितलं.

माझं लग्न त्याआधी, उन्हाळ्यात झालं. गल्लीत लग्न म्हणजे प्रत्येक घरून भांडी यायची: भाताचे मोठे गंज, पराती, बादल्या, पाण्याचे पेले. त्यात लपवाछपवी काहीच नव्हती, कारण पितळेवर आणि स्टीलवर प्रत्येकानं आपलं नाव ठोकून घेतलेलं असायचं. मांडवात भांड्यांचा डोंगर झाला. सासूबाई, हो, आता सासूबाईच, चेष्टेच्या रंगात आल्या होत्या. एक एक भांडं उचलून नाव मोठ्यानं वाचत होत्या आणि बाबांकडे पाहून विचारत होत्या, "हे घरचंच ना, इवाईबुवा?" मांडव हसत होता. बाबाही हसत होते, प्रत्येक वेळी हात जोडून म्हणत होते, "मागून आणलं बाई, मागून आणलं." कंपाउंडरकाका तर खुर्चीवरून पडायच्या बेतात.

सगळी नावं वाचून झाली. सासूबाईंनी हात झटकले, मांडवातून बाहेर पाहिलं आणि सहज विचारलं, "अन् या समोरच्या घरचं काहीच दिसत नाही?"

बाबांचे हात जोडलेलेच होते. ते तसेच राहिले.

मुंडावळ्यांच्या लडीतून मीही समोर पाहिलं. दार लोटलेलं होतं. आत माग चालू होता, लग्नाच्या दिवशीसुद्धा, आणि माझ्या कानांत त्या दिवशी माझी स्वतःची, नवी कोरी कानातली होती.